साहेबाचं नो

“मी इचारलं की! चांगलं दारात उभा ऱ्हाऊन इचारलं. ‘शॅल आय टर्न ऑन द फॅन, सर?’ त्यो म्हणला, ‘नो.’ आता नो म्हणल्यावर मी काय त्याच्या उरावर बसू? आलो परतून.”

“ह्या उन्हात माणूस पंख्याला न्हाई म्हणला, अन् तुमी परतून आले?” छबूबाईनं भाकर तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. “पाणी इचारलं का?”

“ते बी इचारलं. ‘शॅल आय फिल अप द जग?’ नो.”

“मंग?”

“मंग काय मंग! सायबाला एकदाच इचारायचं असतंय.”

“बरंय बाई तुमच्या सायबाचं. आपल्यात पाव्हण्याला एकदाच इचारलं तर त्यो पुन्यांदा उंबरा चढणार न्हाई.”

 खांद्यावरच्या टॉवेलानं मान पुसत व्यंकटी चुलीपासून लांब, उंबऱ्यात टेकला. बाहेर वैशाखाचं ऊन असं पडलं होतं की माळावरचे दगड बघवत नव्हते. बंगल्याच्या मागं कालव्याचा चर गेला होता, अजून पाण्याचा थेंब न बघितलेला. त्याच चरातून चार मैल पायी चालत साहेब अकराच्या सुमाराला परत आला होता, उघड्या डोक्यानं.

सोनपेठच्या अलीकडं माळावर निजामाच्या वेळचा दगडी बंगला आहे. तेव्हा तो पाटबंधाऱ्याकडं होता, अन् व्यंकटी तिथला खानसामा. खानसामा म्हणायचं ते मानानं. कागदावर तो रोजंदारीचा मजूर. गाव राणीसावरगावाकडचं, रान कोरडवाहू. नवराबायकोनं सात सालं ऊसतोडीला जाऊन कंबर मोडून घेतली अन् मग इथं मस्टरवर नाव लागलं. त्याला आता नऊ सालं झाली होती. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, अन् तोंडात सोळा वाक्यं इंग्रजी. ह्या सोळा वाक्यांवर त्याची नोकरी उभी होती असं म्हटलं तरी चालेल. कारण दिल्लीचा, मद्रासचा, परदेशातला कुणी कालवा बघायला आला की मोठे साहेब म्हणायचे, त्याला व्यंकटीच्या बंगल्यावर ठेवा.

वाक्यं शिकवली ती मिर्झा साहेबांनी. म्हातारा, निजामाच्या नोकरीत मुरलेला इंजिनियर. निवृत्त झाल्यावरही साल-दोन सालातून एकदा येऊन आठ दिवस राहायचा. व्हरांड्यात आरामखुर्ची टाकून व्यंकटीला समोर उभं करायचा. “बोल, शॅल आय वेक यू अप ॲट फाइव्ह? शॅल आय क्लिअर अवे द प्लेट्स? शॅल आय पुट आऊट द लॅम्प?” व्यंकटीला हे लवकर जमलं, कारण त्यानं त्यातली मेख आपल्या परीनं ओळखली होती. तो छबूबाईला सांगायचा, “आगं, इंग्रजीत बैल लय थोडे हायत. त्येच त्येच जुपतेत. मागं वखर लावला की एक काम, तिफण लावली की दुसरं. गेटच्या मागं अप लाव, ऊठ. डाऊन लाव, उतर. पुटच्या मागं आऊट लाव, दिवा इझला.” छबूबाई म्हणायची, “मंग माझ्या मागं बी लावा की एखादं, भाकरी आपसूक थापल्या जातील.”

पण मिर्झा साहेबांनी वाक्यांच्या आधी एक गोष्ट दम देऊन शिकवली होती. “व्यंकटी, अंग्रेज को एकीच दफा पूछना. नो बोला तो नो. दुबारा पूछे तो उसको तकलीफ होती.”

हे व्यंकटीच्या गळी काही उतरत नव्हतं. आपल्या मुलखात पाहुण्यानं पहिल्यांदा नको म्हणायचं ही रीत. दुसऱ्यांदाही तो नकोच म्हणतो. तिसऱ्यांदा ताटावर आडवा हात धरतो, तेव्हा वाढणाऱ्यानं तो हात बाजूला सारून भाकरी टाकायची असते. पहिल्याच ‘नको’ला जो भाकरीची दुरडी उचलून चुलीकडं गेला, त्याच्या घरात दाणे कमी आहेत म्हणून गावभर बोभाटा होतो. व्यंकटीच्या आईनं त्याला चालायच्या आधी हे शिकवलं असेल. मिर्झा साहेब गेल्यावर चार-पाच वर्षांत ते वर आलंच. गेल्या उन्हाळ्यात परदेशी नवराबायको आली, त्यांना व्यंकटीनं गुळाची पोळी तीन-तीनदा विचारली, चौथ्यांदा न विचारता वाढली. जाताना त्यांनी शेऱ्याच्या वहीत ओळभर लिहिलं. दिनकरराव ओव्हरसियरनं ते वाचून दाखवलं. खानसामा माणूस चांगला आहे, पण तो सुखानं जेवू देत नाही, एकच गोष्ट विचारून विचारून जीव खातो.

वर पत्र गेलं. वरून समज आली. दिनकररावनं सगळ्यांच्या देखत सांगितलं, “यंदा रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी जाणार आहे. तुझं नाव मी घातलंय. आणखी एक तक्रार आली तर मीच काट मारीन. मग बस बोंबलत, नाहीतर परत कोयता घे.”

कोयता घे म्हटल्यावर छबूबाईचा चेहरा कसा झाला होता ते व्यंकटी विसरला नव्हता.

आणि आता हा हॉजेस साहेब. कालच आला होता. काडीसारखा उंच, पन्नाशीचा, कमी बोलणारा. कालव्याची मापं घ्यायला सकाळी जीपनं गेला. नामांतराच्या दंग्याला पाच सालं झाली होती, तरी मोर्चे निघायचे थांबले नव्हते, अन् मोर्चा निघाला की खात्याच्या जीपा पोलिसांच्या बंदोबस्ताला जायच्या. तसंच झालं. ड्रायव्हरला निरोप आला, तो साहेबाला कालव्यावर सोडून गाडी घेऊन निघून गेला. साहेब आपला नकाशे काखेत मारून चालत आला.

“एक सांगा,” छबूबाईनं विचारलं. “अंगाला घाम होता का त्याच्या?”

व्यंकटीनं आठवलं. सकाळी निघताना सदरा पाठीला चिकटला होता. आत्ता दारातून बघितला तेव्हा वाळलेला होता. काखेपासून खाली मिठाचे पांढरे वळ उमटलेले. तोंड लालभडक.

“न्हवता,” तो म्हणाला.

भाकर तव्यावर करपायला लागली तरी छबूबाईनं उलथली नाही. “सुग्रीव आठवतो का? बन्सीधर मुकादमाच्या टोळीतला? त्यो बी असाच कोरडा पडलता. मोळी टाकून बसला अन् पाणी नगं म्हणायला लागला. आपुन म्हणलं, बसू द्या जरा.”

व्यंकटीला आठवत होतं. सुग्रीवला गाडीत घालून फडातून रस्त्याला आणेपर्यंत त्याची मान पडली होती. ती गाडी व्यंकटीनंच हाकली होती.

तो उठला, टोपी घातली अन् व्हरांड्यातून आत गेला. साहेब पलंगाच्या कडेला बसला होता, पायात बूट तसेच. डोळे उघडे, पण बघणं कुठं तरी भलतीकडं. पंखा बंद. खोली भट्टीसारखी. व्यंकटीनं मनाशी हिशेब केला. पंखा विचारून झाला, पाणी विचारून झालं. तेच दुसऱ्यांदा विचारलं तर तक्रार. पण न विचारलेलं विचारायला काय हरकत होती?

“शॅल आय टेक ऑफ युवर शूज, सर?”

“नो.”

“शॅल आय ब्रिंग इन सम लेमन वॉटर, सर?”

“नो, नो.”

“शॅल आय पुट अप द कर्टन्स?” वाळ्याचे पडदे कोपऱ्यात गुंडाळून ठेवले होते, ते लावून पाणी मारलं असतं तर खोली निवली असती.

साहेब एकदम उभा राहिला. उभा राहताना पलंगाचा दांडा धरला. “गो अवे!” असा ओरडला की व्हरांड्यातल्या चिमण्या उडाल्या. व्यंकटी मागं सरला. दार त्याच्या तोंडावर आपटलं, आतून कडी पडली.

ओरडणं ऐकून पलीकडच्या ऑफिसच्या खोलीतून दिनकरराव बाहेर आला. बनियनवर, हातात वारा घ्यायचा विंझणा. “काय केलंस रे?”

“काय न्हाई साहेब. लिंबूपाणी इचारलं.”

“किती बारी?”

“एकदाच. पर त्याला ऊन बाधलंय, साहेब. घाम न्हाई अंगाला. काय बी घेईना.”

“तू डॉक्टर झालास का? चार मैल चालून आलाय, चिडलाय. जीप माझ्यामुळं गेली असं त्याला वाटायलंय. झोपू दे. नाही म्हणाला ना तो?”

“हौ.”

“मग नाही म्हणजे नाही. ह्यांच्यात तसंच असतं. तुला मागच्या साली कळलं नाही का? पुन्हा त्या दाराला हात लावलास तर यादीतलं नाव गेलं म्हणून समज.” दिनकरराव आत गेला. विंझण्याचा आवाज परत सुरू झाला.

व्यंकटी व्हरांड्यातल्या खांबाला टेकून उभा राहिला. कान दाराला. आतून साहेबाचं पुटपुटणं येत होतं. इंग्रजीच असावं, पण सोळा वाक्यांतलं काही त्यात नव्हतं. मग काही तरी खाली पडलं. मग परत पुटपुटणं, पण आता ढिलं, दारू प्यालेल्या माणसासारखं. आजवर त्यानं साहेबलोकांचं ‘नो’ लय प्रकारचं ऐकलं होतं. तुटक, गोड, झोपेतलं. पण ते ‘नो’ म्हणणारा माणूस शुद्धीवर आहे का नाही, हे बघायची पाळी कधी आली नव्हती. मिर्झा साहेबांनीही ते सांगितलं नव्हतं.

छबूबाई पदर डोक्यावर घेऊन व्हरांड्याच्या पायरीशी आली. एका हातात भिजवलेलं धोतर, दुसऱ्या हातात मीठसाखर घातलेल्या लिंबूपाण्याचा तांब्या. “काय म्हणायलाय?”

“ओव्हरसियर म्हणलाय, हात लावू नको.”

“मी ओव्हरसियरचं न्हाई इचारलं.”

व्यंकटीनं दारावर टिचकी मारली, हळूच. “सर?” काही नाही. जोरात मारली. “सर! शॅल आय कम इन?”

आतून आवाज आला नाही. पुटपुटणंही थांबलं होतं.  नो म्हणला असता तरी चाललं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी तो परत गेला असता. हा आता ‘नो’सुद्धा म्हणेना.

दिनकरराव परत बाहेर आला. “अरे, तुला सांगितलं ना—”

छबूबाईनं ओव्हरसियरकडं न बघता खांबाला सांगितलं, “आवं, इचारा की त्यास्नी, यादीत मेलेल्या पाव्हण्याचा रकाना हाय का म्हणून.”

 व्यंकटी दिनकररावसाठी थांबला नाही. बंगल्याला वळसा घालून मागं गेला. जुन्या बंगल्यांना न्हाणीला बाहेरून एक दार असायचं, झाडूवाल्यासाठी, म्हणजे त्यानं घरात न येता न्हाणी धुऊन जावं. ते दार बुटकं होतं, आतून अडणा लावलेलं, लाकूड वाळवीनं खाल्लेलं. व्यंकटीनं बागेतली पहार घातली अन् दाबली. पहिल्या दाबाला काही झालं नाही. दुसऱ्याला बिजागरी हलली. तिसऱ्याला दार चौकटीसकट आत पडलं, अन् तो आवाज नक्की पार रस्त्यापर्यंत गेला असेल.

न्हाणीतून तो खोलीत शिरला, तर साहेब फरशीवर होता. पलंगाला पाठ लावून बसलेला, मान एका खांद्यावर. व्यंकटीनं कपाळाला हात लावला अन् चटका बसल्यासारखा मागं घेतला. तवा बरा.

“प्लीज—” तो म्हणाला, अन् अडला. त्याची सगळी वाक्यं ‘शॅल आय’ची. देऊ का, आणू का, करू का. साहेबाला ‘तुमी हे करा’ म्हणायचं एकच वाक्य त्याच्याकडं होतं, ‘प्लीज सिट डाऊन’, अन् साहेब तर आधीच बसलेला. नऊ सालांत त्यानं कुठल्या साहेबाला काही करायला सांगितलं नव्हतं. त्याच्या बापानं सांगितलं नव्हतं, आज्यानं सांगितलं नव्हतं.

“प्लीज गेट अप, सर,” त्यानं जुळवलं. साहेब हलला नाही. व्यंकटीनं काखेत हात घातले. छबूबाई त्याच पडक्या दारातून आत आली, तिनं पाय धरले. दोघांनी मिळून त्याला ओढत न्हाणीच्या फरशीवर आणलं. उसाच्या मोळ्या उचललेले हात होते, पण हे ओझं लांबलचक अन् ढिलं होतं. बूट काढले. सदरा फाडला. छबूबाईनं रांजणातल्या पाण्याचे तांबे भडाभडा ओतायला सुरुवात केली, डोक्यापासून पायापर्यंत. ओलं धोतर त्याच्या छातीवर टाकून ती ताटानं वारा घालायला लागली.

साहेबानं डोळे उघडले अन् हात झाडला. त्याच्या तोंडाशी धरलेला तांब्या व्यंकटीच्या तोंडावर बसला, ओठ फुटला. “नो! नो!”

“ड्रिंक अप, सर.”

“नो!”

“ड्रिंक अप! प्लीज ड्रिंक अप.” मीठसाखरेचं लिंबूपाणी पुढं, साहेबाचा हात आडवा. व्यंकटीनं तो हात बाजूला सारला. साहेबानं तोंड फिरवलं. व्यंकटीनं तांब्या तिकडून लावला. एक घोट गेला, अर्धा बाहेर आला. “कम ऑन, सर. ड्रिंक अप. लाय डाऊन. नो, नो, डोन्ट गेट अप. ड्रिंक अप. आरं पी की भाड्या, पी आता!” हे शेवटचं इंग्रजी नव्हतं, पण साहेबानं ते ऐकलं असावं, कारण दुसरा घोट गेला.

पडक्या दारात दिनकरराव उभा होता. पांढराफटक. त्यानं फरशीवरचा साहेब बघितला, व्यंकटीच्या ओठाचं रक्त बघितलं, मोडलेली चौकट बघितली.

“साहेब,” व्यंकटी मान न वळवता म्हणाला, “लुना काढा अन् डॉक्टरला घिऊन या. आत्ताच्या आत्ता. सलाईन घ्या म्हणावं संगं.”

नऊ सालांत व्यंकटीनं दिनकररावलाही काही करायला सांगितलं नव्हतं. दिनकरराव बनियनवरच लुनावर बसला.

डॉक्टर यायला दीड तास लागला. तेवढ्यात दोन्ही रांजण रिकामे झाले. छबूबाईनं आडाचं पाणी ओढून ओढून तळहात सोलून घेतले. साहेबाला एकदा आकडी आली, तेव्हा दोघांना वाटलं, गेलं. व्यंकटीनं त्याचं डोकं मांडीवर घेऊन धरून ठेवलं अन् तोंडानं सारखं, थांबलं तर माणूस जाईल असं, “ड्रिंक अप, सर, ड्रिंक अप.” किती बारी म्हणाला ह्याला माप नाही. कधी तरी साहेबाच्या कपाळावर पाणी नसलेल्या जागी ओलं लागलं. छबूबाईनं बोट फिरवून चाखून बघितलं.

“खारट हाय,” ती म्हणाली. “घाम हाय.” अन् भिंतीला टेकून बसली.

डॉक्टरनं सलाईन लावलं, नाडी बघितली, पाणी मारणं थांबवू नका म्हणाला. दिवस बुडायच्या आत जीप परत आली. साहेबाला तिच्यात आडवं घालून परभणीला नेलं. जाताना तो शुद्धीवर होता, पण व्यंकटीकडं बघून त्याला काही ओळख पटली असं दिसलं नाही. त्याच्या हिशेबी कुणी तरी दोन माणसांनी त्याला झोपेतून उठवून ओला केला होता, एवढंच असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकररावनं व्यंकटीला ऑफिसात बोलावलं. टेबलावर कोरा कागद, त्याच्यापुढं पेन.

“दार सरकारी आहे,” तो म्हणाला. “मोडलं. आता लिहावं लागंल, का मोडलं ते. असं लिहू का, साहेबानं आतून हाक मारली, मदत मागितली, म्हणून तू गेलास?”

“हाक मारली न्हाई त्यानं.”

“अरे, लिहायला काय जातंय?”

“न्हाईच म्हणत होता, साहेब. पार तांब्या लावोस्तर न्हाई म्हणत होता. बरा झाल्यावर त्यानं सांगितलं, मी हाक मारली नव्हती, म्हंजे? खोटं पडंल. न्हाई म्हणल्यावर बी गेलो, असंच ल्हिवा.”

“तसं लिहिलं तर माझ्या हुकुमाच्या विरुद्ध गेलास असं होतं. यादी गेली मग.”

व्यंकटीनं मान खाली घातली. ओठ सुजला होता. “मंग काट मारा,” तो म्हणाला. “पर सुग्रीवच्या बारीला बी मी त्याचं ‘नगं’च ऐकलं होतं. ते मला पुन्यांदा ऐकायचं नव्हतं.”

कोण सुग्रीव, ते दिनकररावला माहीत नव्हतं. त्यानं विचारलंही नाही. त्यानं पेन उचललं. मग लिहायला लागला, भराभर, पान भरेपर्यंत. सही केली, शिक्का मारला. अन् वाचून दाखवलं. पाहुण्याची प्रकृती बिघडल्याचं शाखा अभियंत्याच्या, म्हणजे दिनकररावच्या, वेळीच लक्षात आलं, दरवाजा त्याच्या आदेशावरून तोडण्यात आला, डॉक्टर त्यानं स्वतः आणला. खानसाम्यानं पाणी पुरवलं.

“यादीला धक्का नाही,” दिनकरराव कागदाची घडी घालत म्हणाला, अन् व्यंकटीच्या नजरेला नजर दिली नाही. “चालंल का तुला?”

व्यंकटीनं ते डोक्यात एकदा फिरवून बघितलं. नाव राहिलं, कोयता टळला. बाकीचं दुसऱ्याच्या सहीखाली गेलं.

“चालंल की,” तो म्हणाला.

परसात छबूबाई तळहाताला तेल लावत बसली होती. “काय झालं?”

“ऱ्हायलं नाव.”

“आन् दार कुणी मोडलं म्हणं?”

“ओव्हरसियरनं.”

छबूबाई खो खो हसली. “त्या विंझण्यानं का?” मग म्हणाली, “आन् तुमी काय केलं, त्या कागदावर?”

“पाणी पुरवलं.”

“आन् मी?”

“तू त्याच्यात न्हाईस.”

“बरं झालं. सही कराया बोलावलं असतं.” तिनं तेलाची वाटी बाजूला सारली.

ऑफिसातून दिनकररावनं हाक दिली. चारच्या सुमाराला औरंगाबादचे दोन इंजिनियर यायचे आहेत, जेवण, मुक्काम, सगळं. व्यंकटीनं ‘हौ साहेब’ म्हटलं, पडक्या दाराला तात्पुरतं तरट बांधलं, दोन्ही रिकामे रांजण आडवे करून आतून घासले, अन् कळशी घेऊन आडावर गेला. छबूबाईला दोर ओढता येत नव्हता. त्यानं पोहरा सोडला.